दोन मॉनिटर, एक टीव्ही आणि तिसरी पिन

दोन मॉनिटरचं टेबल आता फक्त पुण्यातल्या आयटी कंपन्यांत दिसतं असं राहिलेलं नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एका पडद्यावर टॅली, दुसऱ्यावर पोर्टल ही मांडणी नगरच्या सावेडी-केडगावपासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंतच्या कर सल्लागारांना सोयीची वाटू लागली. मार्च २०२० च्या लॉकडाउननंतर पुण्याला नोकरी करणारी मुलं गावी परतली आणि कित्येकांनी घरातल्या एका खोलीतच ऑफिस थाटलं. पतसंस्थांचे हिशेब तपासणारे, ऑटोकॅडवर बंगल्यांचे नकाशे काढणारे, डिजिटल सातबारा काढून देणारे, या सगळ्यांना दुसरा पडदा ही चैन वाटत नाही, गरज वाटते. आणि टेबलावर दोन पडदे आले की तिसरा विचार हमखास डोक्यात येतो: एवढं सगळं आहेच, तर यावरच टीव्हीही दिसला तर काय बिघडलं? घोडेगावच्या कांद्याचे भाव, संध्याकाळच्या बातम्या, एखादी मॅच. खर्च आणि मनस्ताप बहुतेक ठिकाणी इथूनच सुरू होतो. त्यातून निघालेला निष्कर्ष मी आधीच सांगून टाकतो, मग त्याची कारणं. अशा मांडणीत वस्तू क्वचित नडतात, नडतात ते त्यांचे जोड. कॉम्प्युटर चांगला असतो, मॉनिटर चांगले असतात, टीव्हीही चांगला असतो. पण त्यांना एका तारेनं बांधलं की तिघांची वीज, तिघांचे सिग्नल आणि तिघांच्या परवानग्या एकमेकांना भिडतात. म्हणून पैसा आधी जमिनीत आणि तारांत घालावा. पडदे सगळ्यात शेवटी विकत घ्यावेत. लोक नेमकं उलटं करतात, कारण अर्थिंगचा खड्डा पाहुण्यांना दाखवता येत नाही.

जमिनीपासूनच सुरू करू. अनवाणी पायांनी फरशीवर उभं राहून सीपीयूच्या पत्र्याला उलट्या हाताची बोटं लावली की मुंग्या येतात, हे आपल्याकडच्या पुष्कळ घरांत नेहमीचं आहे. ‘थोडा करंट मारतो, चालायचंच’ असं म्हणून ते सोडून दिलं जातं. हे नेमकं कशामुळे होतं ते समजून घेतलं तर पुढची अर्धी दुखणी आपोआप उलगडतात. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतली खरखर गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात: एक फेजपासून पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. पत्रा तिसऱ्या पिनेतून जमिनीला जोडलेला असेल तर ही खरखर जमिनीत निघून जाते. तिसरी पिन नुसतीच भोकात बसलेली असेल आणि मागे वायरच नसेल, तर पत्रा दोन कपॅसिटरांच्या मध्ये अधांतरी लटकतो आणि त्याच्यावर निम्मा दाब येतो, म्हणजे २३० चे ११५ व्होल्ट. प्रवाह अगदी किरकोळ, मिलीअँपिअरच्या अंशात, म्हणून माणसाला इजा होत नाही, नुसत्या मुंग्या येतात. टेस्टर लावला तर दिवा लागतो. इथपर्यंत ठीक. पण एचडीएमआय पोर्टच्या आतली चिप पाच व्होल्टच्या आसपासच्या जगात राहणारी आहे. अधांतरी लटकलेला कॉम्प्युटर चालू, तिकडे केबलच्या तारेतून भलतीकडेच जमिनीला टेकलेला टीव्ही चालू, आणि या दोघांत कुणी एचडीएमआय केबल खुपसली, तर बाहेरचं कवच आणि आतल्या पिना एकाच क्षणी टेकतील याची खात्री नसते. त्या क्षणार्धात पोर्ट जातो. टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येतं, मग लोक केबल बदलतात, टीव्ही बदलतात, कॉम्प्युटर फॉरमॅट करतात. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, आणि तो खरंच सांगत असतो; फक्त का गेला ते कुणी विचारत नाही.

आता आपला नगर जिल्हा बघा. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटर, आणि जमीन सगळीकडे सारखी नाही. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी हा कालव्यांचा पट्टा. काळी, ओल धरणारी जमीन. विजेला ती सहज वाट देते. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे वरचा थर हातभर, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. पाऊस पर्जन्यछायेतला. अशा जमिनीत तीन फुटांवर सळई ठोकून वायरमन ‘झालं अर्थिंग’ म्हणून निघून गेला, तर पावसाळ्यात ते कसंबसं चालतं आणि एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ज्या दिवसांत वीज कडाडते नेमक्या त्याच दिवसांत, जमीन कोरडी ठणठणीत होऊन त्याचा उपयोग शून्यावर येतो. काळी जमीनही उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईपासून सुटते. जुने वायरमन खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरायचे, वर पाइपाचं तोंड ठेवायचे आणि घरच्यांना सांगायचे की उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी ओता. ती अडाणी समजूत नव्हती. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकातही इलेक्ट्रोडभोवतीच्या मातीच्या ओलीला महत्त्व दिलेलं आहे. आता तयार केमिकल अर्थिंग मिळतं, ते ओल जास्त दिवस धरतं, पण मुरमाड गावात तेही खोल गेलं तरच कामाचं. जुन्या घरांत आणखी एक फसगत असते. कधी काळी अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असते. मधल्या काळात नळ बदलले, पाइप प्लॅस्टिकचा झाला, आणि वायर अजून तिथेच आहे, कशालाच न जोडलेली. बोअरच्या केसिंगला वायर गुंडाळण्याचा प्रकारही सर्रास चालतो. पंपाची मोटर आतून ओली झाली की तीच वायर करंट घेऊन टेबलापर्यंत येते.

मग आपलं अर्थिंग खरं आहे की नाही हे कळायचं कसं? इथे मल्टीमीटर फसवतो. फेज आणि अर्थ यांत मीटरनं २३० दाखवले म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये. मीटर इतका नगण्य प्रवाह ओढतो की कोरड्या मुरमात ठोकलेली गंजकी सळईसुद्धा त्याला पुरेशी वाटते. वायरमनकडचा साधा टेस्ट लॅम्प, शंभर वॉटच्या बल्बचा, हा जास्त खरं बोलतो, कारण त्याला जवळपास अर्धा अँपिअर लागतो. फेज-न्यूट्रलमध्ये तो जितका लख्ख पेटतो तितकाच फेज-अर्थमध्ये पेटला तर वाट मोकळी आहे. मिणमिणला तर नाही. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर लॅम्प लावताक्षणी तो पडेल, आणि तेही चांगलंच लक्षण. ही चाचणी घरच्यांनी करायची नाही, वायरमनलाच करू द्यायची, कारण अर्थिंग वाईट असेल तर त्या वेळेपुरता घरातल्या सगळ्या उपकरणांच्या पत्र्यांवर करंट येतो. आणि एक गोष्ट कुणी कितीही खात्रीनं सांगितली तरी करू द्यायची नाही: बोर्डाच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्यानं जोडून टाकणे. मुंग्या ताबडतोब थांबतात, टेस्टरचा दिवा विझतो, वायरमनचं नाव होतं. पुढे कधीतरी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर न्यूट्रल तुटला की सीपीयूचा पत्रा, मॉनिटरचं कवच, एचडीएमआयची तार, सगळं थेट फेजवर येतं. मुंग्या परवडल्या.

यावर हमखास एक आक्षेप येतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. ‘आमच्या घरात इतकी वर्षं टीव्ही आहे, कॉम्प्युटर आहे, अर्थिंग नाही, काही झालं नाही.’ खरं आहे. एकट्या टीव्हीला काही होत नाही, एकट्या कॉम्प्युटरलाही नाही. अधांतरी लटकलेली वस्तू एकटी असेल तर प्रवाहाला जायला वाटच नसते. माझा मुद्दा जोडाचा आहे तो एवढ्यासाठीच. ज्या दिवशी या दोन वस्तू पहिल्यांदा तारेनं बांधल्या जातात त्या दिवशी आधीच्या सगळ्या वर्षांचा अनुभव रद्द होतो, कारण तशी परिस्थिती आधी कधी आलेलीच नसते. तेव्हा दोन गोष्टी पाळाव्यात आणि दोन्ही फुकट आहेत. तारा जोडताना किंवा काढताना उपकरणं रिमोटनं बंद करून भागत नाही. प्लग काढायचे, केबलची तारही काढायची. दुसरं, कॉम्प्युटर, मॉनिटर, टीव्ही, सेट टॉप बॉक्स यांची वीज एकाच बोर्डावरून घ्यायची, म्हणजे सगळ्यांची जमीन एकच राहते. टीव्ही हॉलच्या बोर्डावर, कॉम्प्युटर आतल्या खोलीच्या दुसऱ्या फेजवर आणि मध्ये भिंतीतून गेलेली दहा मीटरची एचडीएमआय, ही मांडणी चित्रालाही वाईट आणि पोर्टलाही. साध्या तारेवर पाच-सात मीटरच्या पुढे ४के चित्र तसंही अडखळायला लागतं.

सगळ्यांत कमी संशय ज्याच्यावर घेतला जातो असा पाहुणा म्हणजे केबलवाल्याची तार. ती खांबावरून खांबावर येते, वाटेत कुणाच्या तरी गच्चीवरच्या ॲम्प्लिफायरमधून जाते, आणि त्या ॲम्प्लिफायरची वीज त्या घराच्या बोर्डातून घेतलेली असते. म्हणजे तुमच्या सेट टॉप बॉक्सच्या मागे फिरवून बसवलेलं ते स्क्रू-कनेक्टर तीन गल्ल्या पलीकडच्या घराच्या अर्थिंगशी, किंवा अर्थिंगच्या अभावाशी, तुमची गाठ घालून देतं. केबल लावताना बोटाला झटका बसतो तो तिथला असतो. आणि वळवाच्या दिवसांत तीच तार विजेची वाट होते. पाथर्डीला मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं की लोक टीव्हीचा प्लग काढतात, पण केबल तशीच ठेवतात. मग सेट टॉप बॉक्स, त्यातून एचडीएमआय, त्यातून मॉनिटर, अशी रांगेनं पडझड होते. ज्या गावांत इंटरनेटही खांबावरून आलेल्या साध्या लॅन वायरनं येतं तिथे हीच कथा कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टची. म्हणून मी म्हणेन की या सगळ्या मांडणीत एकच गोष्ट महाग असली तरी घ्यावी: फायबरचं कनेक्शन. काचेच्या धाग्यातून उजेड येतो, वीज येत नाही. घराच्या आत राउटरपर्यंत काच आली की एक अख्खी वाट बंद झाली. तारेचा वेग किती ‘एमबीपीएस’ याची चौकशी सगळे करतात. तार कशाची आहे हे विचारणारा विरळा.

‘पण आम्ही स्पाइक गार्ड लावलाय की!’ स्पाइक गार्डच्या आत जो भाग असतो तो जादा दाब न्यूट्रलच्या आणि अर्थच्या वायरीत ढकलून देतो. अर्थ नसेल तर त्यातली एक वाट बंदच. तिसऱ्या पिनेमागे वायर नसलेल्या बोर्डावरच्या स्पाइक गार्डवर फार विसंबू नये. न्यूट्रल तुटून दोन फेजांमधला दाब घरात आला तर तोही काही करू शकत नाही. त्यासाठी दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की लाईनच तोडणारं वेगळं उपकरण मिळतं, ते मीटरशेजारी बसवावं. ज्या घरांची लाईन शेतीपंपांच्याच वाहिनीवर आहे तिथे तर ते हवंच, कारण रात्रीच्या पाळीत पंप एकदम चालू-बंद होतात तसा दाब हेलकावे खातो. गावठाणाचा फीडर वेगळा झाल्यापासून परिस्थिती सुधारली आहे, आणि शेतीला दिवसा सौर वीज देण्याची योजना राळेगणसिद्धीपासून सुरू झाली तिचाही हातभार लागतो आहे. पण वस्त्यांवरच्या घरांना यातलं पुरेसं पोचलेलं नाही.

यूपीएसबद्दल थोडक्यात. बाजारात सर्रास मिळतो तो ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटचा असतो आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. सीपीयू आणि दोन मॉनिटर मिळून दीडशे वॉट धरले तर रूपांतरातली गळती वजा जाता पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तीही बॅटरी नवी असेतो. त्यावर ४३ इंची टीव्ही टाकला की वेळ आणखी आखडतो आणि कुणाचंच भलं होत नाही. टीव्ही यूपीएसवर घ्यायचाच नाही. राउटर मात्र घ्यायचा. ‘घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर इन्व्हर्टरच्या मागच्या छोट्या बटणात आहे. ते नॉर्मलवर असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला लागणारा वेळ कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला सोसत नाही. पूर्ण भारावर तो साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. बटण यूपीएसवर ठेवलं आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असला, तर वेगळा यूपीएस नसला तरी चालेल. जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर पंखे-दिवे त्याच्यावर ठेवा, टेबल नको.

आता दुसऱ्या जातीचे जोड: सिग्नलचे. इथली सर्वांत सामान्य चूक इतकी साधी आहे की ती सांगताना संकोच वाटतो. कॉम्प्युटरचा एचडीएमआय पोर्ट बाहेर पाठवणारा असतो, आत घेणारा नसतो. सेट टॉप बॉक्सचाही तसाच. भोकं सारखी, तार सारखी, म्हणून लोक दोन्ही जोडतात आणि काळ्या पडद्याकडे बघत बसतात. दोन बोलणारे समोरासमोर बसवले, ऐकणारा कुणीच नाही. मग कुणीतरी सांगतं, टीव्ही ट्यूनर कार्ड घ्या. हा सल्ला एके काळी उत्तम होता. २००० नंतरच्या दशकात ट्यूनर बॉक्स सीपीयू आणि जाडजूड मॉनिटरच्या मध्ये बसवला की भिंतीतून आलेली केबल थेट त्यात खुपसायची आणि मॉनिटरचा टीव्ही व्हायचा. वसतिगृहांत राहणाऱ्या कितीतरी मुलांनी मॅच अशाच बघितल्या. तेव्हा केबलमधला सिग्नल उघडा होता. नंतर केबल डिजिटल करण्याचा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू झाला, मुंबईत २०१२ मध्ये; तिसऱ्या टप्प्यात नगरसारखी शहरं आणि चौथ्यात खेडी येता येता २०१७ उजाडलं. तेव्हापासून तारेतून येतं ते कुलूपबंद चित्र, आणि किल्ली सेट टॉप बॉक्समधल्या कार्डात. जुनं ट्यूनर कार्ड आज कुणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नये, त्याच्याकडे ही किल्ली नाही.

‘मग सेट टॉप बॉक्समधून बाहेर पडणारं चित्र कॅप्चर कार्डनं कॉम्प्युटरमध्ये घेऊ.’ तिथेही दाराशी पहारा आहे. बॉक्सच्या एचडीएमआयमधून निघणारं चित्र एचडीसीपी नावाच्या संरक्षणासह निघतं. समोरचं उपकरण ओळखपत्र दाखवू शकलं तरच चित्र उमटतं. कॅप्चर कार्ड ते दाखवत नाही. जुना व्हीजीए मॉनिटर आणि स्वस्तातला कन्व्हर्टर या जोडीलाही बहुधा ते जमत नाही. लोक याला बिघाड समजतात आणि तीन-तीन कन्व्हर्टर विकत घेतात. तो बिघाड नाही, नकार आहे. या नियमाला एक सन्माननीय अपवाद दूरदर्शनच्या फ्री डिशचा. डीडी डायरेक्ट प्लस या नावानं २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या सेवेतल्या बहुतेक वाहिन्या आजही बिनकुलपाच्या आहेत, आणि उपग्रहाचं ट्यूनर कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवून त्या थेट बघता येतात. छत्री आपल्याकडून आग्नेयेला, ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे, बऱ्यापैकी उंच तोंड करून बसते. त्या दिशेला शेजाऱ्याची टाकी नाही एवढं बघायचं. ज्याला उद्योग करायची हौस आहे त्यानं हा मार्ग जरूर धरावा. ज्याला नुसत्या बातम्या बघायच्या आहेत त्यानं कॉम्प्युटरला यातून वगळावं आणि सेट टॉप बॉक्स सरळ मॉनिटरच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात लावावा. मॉनिटरवरचं बटण दाबलं की टॅलीच्या जागी टीव्ही, पुन्हा दाबलं की टॅली. कॉम्प्युटर बंद असला तरी चालतं. माझ्या मते नव्वद टक्के घरांना एवढंच हवं असतं आणि त्यासाठी लागते एक तार.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. ‘घरात ३२ इंची टीव्ही पडून आहे, तोच दुसरा मॉनिटर म्हणून लावला तर दोन्ही कामं होतात, नवा मॉनिटर घ्यायलाच नको.’ हिशेब आकर्षक आहे, पण पडद्याच्या मापात इंच मोजून भागत नाही. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या ३२ इंची टीव्हींचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो, म्हणजे साडेदहा लाख. २४ इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, पावणेएकवीस लाख. पावणेदोन पट जागेवर निम्मे ठिपके. टीव्ही दहा फुटांवरून बघण्यासाठी बनवलेला, तिथून तो सुरेख दिसतो. टेबलावर दोन फुटांवर आणला की जीएसटीआर-२बी मधले आकडे ओबडधोबड होतात आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात. शिवाय पुष्कळ टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेलं ताणतात, त्यामुळे विंडोजचा टास्कबार अर्धा गायब होतो; सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधून ते थांबवावं लागतं. रंगांची माहिती अर्धवट घेणाऱ्या टीव्हीवर एक्सेलमधली लाल अक्षरं पसरतात. एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिल्यावर काही टीव्ही सुधारतात, काही नाही. उलट बाजूनंही हेच. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या आणि केबलवरच्या पुष्कळ मराठी वाहिन्या साध्या एसडी दर्जाच्या, ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम चार लाख पंधरा हजार ठिपके. ते चित्र २४ इंची मॉनिटरवर पूर्ण ताणून दोन फुटांवरून बघितलं तर चेहऱ्यांना धुकं लागल्यासारखं दिसतं आणि दोष मॉनिटरला दिला जातो. कामाचा पडदा वाचण्यासाठी असतो, टीव्हीचा बघण्यासाठी. अपवाद एकच: ४३ इंची ४के टीव्ही. त्यावर इंचाला शंभरच्या आसपास ठिपके बसतात, मॉनिटरइतकेच. तो घेतला तर दोन मॉनिटरांची गरजच उरत नाही, एकच पडदा चार कोपऱ्यांत वाटून घेता येतो. फक्त कॉम्प्युटरचा पोर्ट एचडीएमआय २.० चा हवा, जुन्या १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि माऊस ओढल्यासारखा चालतो.

‘आता सगळं ॲपवर आलंय, केबल आणि छत्री कोण ठेवतं?’ हा आक्षेप मला जवळजवळ मान्य आहे, कारण तो माझ्याच बाजूचा आहे: एक जोड कमी. प्रसारभारतीनंही २०२४ च्या नोव्हेंबरात वेव्हज हे ॲप आणलं, सह्याद्री वाहिनीसाठी आता छत्रीही लागत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ॲपवरची थेट मॅच खऱ्या मॅचच्या मागे असते. शेजारी केबलवर बघत असतील तर विकेट पडल्याचा आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि चेंडू नंतर दिसतो. दुसरं, कुलूप इथेही आहे. पैसे भरून घेतलेलं चित्रपटाचं ॲप ब्राउझरमध्ये उघडलं तर पुष्कळदा कमी दर्जाचं चित्र मिळतं, आणि दोन पडद्यांपैकी एक जरी जुन्या कन्व्हर्टरवर असला तर काही वेळा तेवढंही मिळत नाही. तेच ॲप स्मार्ट टीव्हीच्या आत उघडलं की विनातक्रार चालतं. वायफायवरून कॉम्प्युटरचा पडदा टीव्हीवर पाठवणं हा चित्रपटापुरता छान मार्ग आहे आणि तिथे पोर्ट जळायची भीतीही नाही. त्यावर टॅलीच्या नोंदी करू गेलात तर कर्सर बोटाच्या मागून येईल.

राहता राहिली कॉम्प्युटरची निवड, ती आता सोपी होते. दोन मॉनिटर आणि हवा असल्यास टीव्ही, म्हणजे चित्र बाहेर पाठवणारी तीन भोकं. इंटेलच्या २०१२ नंतरच्या प्रोसेसरांत वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेताही तीन पडद्यांची सोय आहे, पण मदरबोर्डावर तीन पोर्ट दिलेले असतीलच असं नाही. दुकानात सीपीयू फिरवून मागची बाजू मोजावी. ऑफिसांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे कॉम्प्युटर या कामाला उत्तम, त्यांत बहुधा दोन डिस्प्लेपोर्ट असतात. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणारा साधा कन्व्हर्टर एकाच दिशेनं चालतो, उलटा लावून उपयोग नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर दोन्ही मॉनिटर त्याच्याच पोर्टांना लावावेत. मदरबोर्डाच्या पोर्टाला लावलेला पडदा बहुधा काळा राहतो आणि ‘मॉनिटर बंद पडला’ म्हणून तक्रार जाते. दोन्ही मॉनिटर एकाच मापाचे आणि एकाच उंचीवर ठेवा, मुख्य अगदी समोर, दुसरा थोडा तिरपा. मान दिवसभर एका बाजूला वळलेली राहिली तर वर्षभरात ती सांगतेच. आणि मॉनिटर विकत घेताना, सगळ्यात शेवटी, दोन गोष्टी विचारून घ्या: दुसरा एचडीएमआय पोर्ट आहे का, आणि आवाजाचं काय. पुष्कळ मॉनिटरांना स्पीकर नसतो. सेट टॉप बॉक्स लावला की चित्र येतं, बातमीदार ओठ हलवतो आणि ऐकू काहीच येत नाही. मॉनिटरच्या मागे हेडफोनचं भोक असेल तर त्यात स्पीकरची पिन घालून काम भागतं, नसेल तर पुन्हा बाजार गाठावा लागतो.